दोघं आत, एक बाहेर

बिकिता,
१२ जून १९९४

प्रिय रेवाई,

तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे दोन्ही मिळाले. मोजे घालूनच लिहितोय. यंदाच्या हिवाळ्यात सकाळी खडकावर हात टेकवत नाही इतकी थंडी पडलीय, आणि चौथीची पोरं उन्हाच्या तिरपीबरोबर बाकं सरकवत सरकवत वर्गाच्या दुसऱ्या टोकाला पोचतात.

आता मुख्य बातमी. मादी अंड्यांवर बसली! माझ्या वर्गाच्या खिडकीतून मुरेंबेचा जो कडा दिसतो, त्याच्याच मधल्या कंगोऱ्यावर. काळ्या गरुडांची ही जोडी गेल्या वर्षीचीच आहे. नराच्या डाव्या पंखात एक पीस अजून तिरकं आहे, त्यावरून ओळखला. बायको नोकरीला बुलावायोत आणि नवरा इथे गरुडांची अंडी सांभाळतोय, असं गाव म्हणतंय. म्हणू दे.

गेल्या वर्षी तिकडच्या पक्षिमित्र मंडळानं माझे फोटो परत केले होते आणि सोबत चिठ्ठी दिली होती, आठवतं? ‘कृपया पक्षी असलेला फोटो पाठवावा.’ ती चिठ्ठी मी फेकलेली नाही, टेबलाच्या काचेखाली ठेवलीय. रोज चहा घेताना वाचतो. या वर्षी मला एकच फोटो हवाय: गरुड घरट्यावर उतरतोय, पंख पूर्ण उघडलेत, पाठीवरची पांढरी खूण दिसतेय आणि समोर पिल्लू आहे. एवढा एक मिळाला की पुरे. ऑक्टोबरच्या शेवटी पिल्लू उडून जाईल, नोव्हेंबरात मंडळाचं प्रदर्शन. मधल्या काळात जमलं तर जमलं.

आत दडून फोटो काढायचं लपण तयार आहे. घळीच्या अलीकडच्या खडकावर, घरट्याच्या बरोबर समोर. मार्चपासून दर आठवड्याला गवताची एकेक पेंढी नेऊन बांधलं, म्हणजे पक्ष्यांना ते एकदम उगवल्यासारखं वाटू नये. अडचण अशी की मला आत जाताना ते बघतात. मी आत असेपर्यंत नर वरच घिरट्या घालतो, आणि मादी परीक्षेतल्या पर्यवेक्षक बाईंसारखी माझ्याकडे नजर लावून बसते. यावर जुना उपाय आहे. दोघांनी आत जायचं आणि एकानं बाहेर पडून मोठ्यानं बोलत निघून जायचं. पक्ष्याला मोजता येत नाही. माणूस गेला, असं त्याला वाटतं आणि तो निर्धास्त होतो. पण माझ्याबरोबर चढणार कोण? कड्याच्या गुहेत जुन्या सरदारांच्या समाध्या आहेत, म्हणून गावातलं कुणी वर यायला तयार नाही. हेडमास्तरांना विचारलं तर म्हणाले, “गरुडांना मोजता येत नाही म्हणता? तुमच्या चौथीत बसवा त्यांना, तिथेही कुणाला येत नाही.”

रविवारी तुझ्या आईला भेटून आलो. फाटकाशी उकिडवा बसून जावयानं मानानं वाजवायच्या त्या टाळ्या रीतसर वाजवल्या. सासूनं जावयाशी थेट बोलायचं नसतं हे मला मान्य आहे, पण कुत्र्याच्या आडून ती जेवढं बोलते तेवढं थेट बोलणाऱ्या सासवाही बोलत नसतील. म्हणाली, “मुचादुरा, जावयाला सांग, अंडी उबवायला तिथे मादी आहे. यानं बसायची गरज नाही.” ज्या कोंबडीचोर शेजाऱ्याला ऐकू जावं म्हणून तिनं कुत्र्याचं नाव मुचादुरा, म्हणजे ‘कबूल कराल एक दिवस’, असं ठेवलं, तो कधीच गाव सोडून गेला. आता त्या हाकेचा सगळा मारा माझ्यावर.

तुझा,
तावेंग्वा


बुलावायो,
२६ जून १९९४

अहो हुंग्वे,

तुमच्या कुळाचं देवक मासे पकडणारा गरुड, म्हणून मी तुम्हाला मानानं हुंग्वे म्हणते, आणि तुम्ही घरचा गरुड सोडून परक्या काळ्याच्या मागे! तुमच्या आजोबांना कळलं असतं तर मक्याच्या सादझाचं ताट पुढून उचललं असतं त्यांनी.

आईचं मनावर घेऊ नका. बाबा रेल्वेत होते, घरी आले तरी हातात खिळा नाहीतर फावडं असायचं. तिनं बसलेला पुरुष पाहिला तो बाबांच्या शेवटच्या आजारात. त्यामुळे तुम्ही बसलात की तिला तेच आठवतं आणि ते तोंडावाटे असं बाहेर पडतं.

पण ऐका. मी हॉस्पिटलच्या वॉर्डात सांगून बसलेय. मेट्रननं विचारलं, “नवरा काय करतो?” मी नुसतं ‘शिक्षक’ म्हणणार होते, तोंडातून निघालं, “शिक्षक आहेत, आणि गरुडांचे फोटो काढतात. नोव्हेंबरात भिंतीवर लागलेले बघायला या.” मेट्रननं तारीख लिहून घेतली! आता माझी अब्रू तुमच्या हातात. तो चिठ्ठी लिहिणारा कोण असेल त्याला दाखवूनच द्या. आईलाही मी हे सगळं कळवलंय.

डोंगर चढणारा आणि उतरताना मोठ्यानं बोलणारा कुणीतरी शोधा. वोंगाई आत्याला मात्र विचारू नका. तिचं बोलणं सुरू झालं तर गरुड जिल्हा सोडून जातील.

तुमची,
रेवाई


बिकिता,
२४ जुलै १९९४

प्रिय रेवाई,

सोबत मिळाली. कोण ते विचारू नकोस, नाव सांगायचं नाही अशी अटच आहे. दर शनिवारी उजाडता उजाडता निघतो. आत जातो, थोड्या वेळानं सोबतीण बाहेर पडते आणि गाणं म्हणत उतरते. मादीनं पहिल्या दिवशी गाणं थेट डोंगराच्या तळापर्यंत ऐकलं, मग मान फिरवली आणि पंखात चोच घालून पिसं साफ करायला लागली. रेवाई, एक जंगली गरुड माझ्या देखत निवांत पिसं साफ करतोय! लपणाला आता दोन बाजू केल्यात, मध्ये चटई. माझ्या बाजूची जमीन थोडी खणलीय.

अंडी फुटली. पिल्लं दोन होती, आता एकच आहे. थोरल्यानं धाकट्याला राहू दिलं नाही. काळ्या गरुडांत असंच होतं, मला माहीत होतं, तरी त्या दिवशी जेवण गेलं नाही. सोबतिणीच्याही मनाला फार लागलं ते. घरी जाऊन कोंबड्यांना दुप्पट दाणे टाकले म्हणे.

एक रोल मास्विंगोला धुवायला पाठवला होता, आला. तीन-चार फोटोंत पक्षी आहे, म्हणजे चिठ्ठीवाल्यांची पहिली अट पूर्ण झाली. पण बसलेलाच आहे, आणि अंमळ धूसर. उतरतानाचा अजून नाही. उतरतो तेव्हा मी दरवेळी आधी तरी दाबतो नाहीतर नंतर तरी. होईल. मला घाई नाही आणि पिल्लाला अजून पिसं नाहीत.

तुझा,
तावेंग्वा


बुलावायो,
२१ ऑगस्ट १९९४

मास्तर,

वोंगाई आत्या काल गावाहून बसनं आली. पिशवीत शेंगा आणि पोटात बातम्या. शेंगा भाजायच्या आधीच दुसरी पिशवी उघडली.

दर शनिवारी पहाटे तुम्ही एका बाईबरोबर मुरेंबे चढता. बाई पुढे, तुम्ही मागे. डोक्यावरून नाकापर्यंत कापड ओढलेलं असतं, कोण आहे ते कळू नये म्हणून. दोघं त्या गवताच्या खोपटात शिरता. थोड्या वेळानं बाई एकटी बाहेर येते आणि चर्चचं गाणं म्हणत उतरते! आत्या म्हणाली, “तोंड झाकते म्हणजे लाज आहे तिला. तुझ्या नवऱ्याला तेवढीही नाही.” आणि ‘सोबतीण बाहेर पडते’ असं तुम्हीच तुमच्या हातानं लिहिलंय. मी मेली ते वाचून खूश झाले होते. चटई अंथरलीय, जमीन खणून घेतलीय. वा! पलंगच नाही का टाकला?

मी इथे रात्रपाळ्या करून वॉर्डभर तुमचं कौतुक सांगत फिरतेय. मेट्रन मला रोज विचारते, “गरुड कसे आहेत?” मी म्हणते, “छान.”

आईला अजून कळलेलं दिसत नाही. कळलं असतं तर तुमच्या लपणाला तिनं केव्हाच काडी लावली असती. नाव सांगा. पुढच्या पत्रात फक्त नाव हवंय, पक्षी नको.

रेवाई


बिकिता,
२८ ऑगस्ट १९९४

प्रिय रेवाई,

नाव मला घेता येत नाही. ती बाई तुझी आई आहे.

खाली बसून वाच, पाणी पी आणि मग पुढे वाच.

जुलैच्या सुरुवातीला तुझं पत्र तिला मिळालं, मेट्रननं तारीख लिहून घेतल्याचं. दुसऱ्या दिवशी शाळेसमोरून लाकडाची मोळी घेऊन जाताना थांबली. माझ्याकडे पाठ, तोंड कुत्र्याकडे. “मुचादुरा, विचार याला, नुसतं आत जायचं आणि बाहेर यायचं, एवढंच ना? माझी मुलगी तिकडे मोठमोठ्या बायकांना शब्द देऊन बसलीय आणि हा इथे पक्षी उडवतोय. शनिवारी मी वर लाकडाला जाणारच आहे म्हणावं.” मी कुत्र्याला म्हणालो, “सांग, फार उपकार होतील.” मुचादुरा दोघांच्या मध्ये उभा राहून शेपूट हलवत होता.

गुहेतल्या समाध्यांचं विचारलं तर म्हणाली, त्या तिच्या नवऱ्याच्या कुळाच्या आहेत, घरच्याच माणसांना काय घाबरायचं? पण जावयाबरोबर डोंगरात शिरताना कुणी ओळखू नये म्हणून तिनं ते कापड ओढायला सुरुवात केली. मलाही ते शहाणपणाचं वाटलं. उघड्या तोंडानं गेली असती तर लोक म्हणाले असते, सासूबाई लाकडाला निघाल्या. तोंड झाकलं आणि तिची तू म्हणतेस ती बाई झाली!

रीत आम्ही कुठेही मोडलेली नाही. ती पुढे चालते, मी एक वळण सोडून मागे, मध्ये कुत्रा. लपणात तिची बाजू वेगळी, दार वेगळं, मध्ये जाड चटई. जावयानं सासूपेक्षा उंच बसू नये म्हणून मी माझी बाजू खणून घेतली, तर तू पलंग काढलास! आत गेल्यावर मी टाळ्या वाजवतो, पण इतक्या हळू की त्या फक्त मलाच ऐकू येतात. मग ती कुत्र्याला घेऊन निघते आणि गाणं सुरू करते. गरुड कुत्र्याला मोजतच नाही.

तिची अट होती म्हणून तुला लिहिलं नाही. आता सांगितल्याचं तिला कळवू नकोस. आणि आत्याला काय सांगायचं ते तूच ठरव.

तुझा,
तावेंग्वा


बुलावायो,
६ सप्टेंबर १९९४

अहो हुंग्वे,

आधी मी हादरले. आई आणि नवरा एका छपराखाली! दाराला कडी लावून पुन्हा वाचलं, कुणी खांद्यावरून बघायला नको. मग तुमच्या त्या खड्ड्यापाशी आले. सासूपेक्षा खाली बसता यावं म्हणून खडकाळ जमीन खणणारा जावई साऱ्या बिकितात दुसरा नसेल. मग हळू वाजवलेल्या टाळ्या. तिथे मी फुटले. इतकी हसले की शेजारच्या खोलीतली नर्स औषध घेऊन आली.

नंतर रडलेही. बाबा गेल्यापासून आई कुणासाठी डोंगर चढली नव्हती. मी इकडे एक वाक्य जास्त बोलले आणि ती या वयात माझा शब्द राखायला पहाटे उठून कडे चढतेय. आणि मी काय लिहिलं तुम्हाला! ते पत्र जाळा. चुलीत घाला, पण आधी मला माफ करा.

आत्याला कळवलंय: ‘बाई सापडली. आमच्याच घरातली आहे, चिंता नसावी.’ आता ती दोन महिने डोकं खाजवत बसेल.

आईला कापड काढायला सांगा. म्हणजे तुम्ही सांगू नका. कुत्र्याला सांगा.

तुमची, आणि जरा ओशाळलेली,
रेवाई


बिकिता,
१० ऑक्टोबर १९९४

प्रिय रेवाई,

सोबत जाड पुठ्ठ्यात एक फोटो आहे. हात धुऊन उघड. आधी फोटो बघ, मग पत्र वाच.

पाहिलास? आता सांगतो.

सप्टेंबरात रानात वणवे लागले, धूर सगळा इकडे. त्यात खडूची पूड. मला खोकला जडला. शनिवारी लपणात बसलो, नर भक्ष्य घेऊन समोर आला, मी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि खोकलो. गेला. पुढच्या शनिवारी तेच. तोंडात टॉवेल कोंबून पाहिला, तरी तेच. उडून जाणाऱ्या शेपटांचे फोटो काढून रोल संपत आला, एकच चित्र शिल्लक राहिलं. पिल्लू तर कंगोऱ्यावर उभं राहून पंख झाडायला लागलेलं. मी त्या दिवशी मनातून हरलो होतो. तुझी मेट्रन, ती काचेखालची चिठ्ठी, सगळं डोळ्यांपुढे येत होतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी चटईपलीकडून आवाज आला, “मुचादुरा, याला सांग, खोकणाऱ्यानं बाहेर जावं आणि न खोकणाऱ्यानं आत बसावं. पक्ष्याला कुठे माहीत कोण राहिलं ते.”

मला पटायला वेळ लागला, पण दुसरा इलाज नव्हता. कॅमेरा तिपाईवर घट्ट करून घरट्यावर नजर जुळवून ठेवली, तिपाई तिच्या बाजूला सरकवली आणि कुत्र्याला शिकवू लागलो: “हे बघ, हे बटण. गरुड बसला की दाबायचं. एकदाच दाबता येईल.” पलीकडून उत्तर आलं, “बसल्यावर काय बघायचं? बसलेली तर कोंबडीही असते.” मी कुत्र्याला घेऊन बाहेर पडलो.

तिचंच गाणं म्हणत उतरलो. मधे खोकत होतो, पण उतरणाऱ्याच्या खोकल्याला काय हरकत? तळाशी मुसासाच्या झाडाखाली बसलो. नवी लाल पालवी फुटलीय, सावली बरी पडते. कुत्रा कपारीतल्या सशाएवढ्या म्बिरांच्या वासावर गेला. मी इतके महिने वाट बघतोय रेवाई, पण खाली बसून बघितलेली वाट फार जड जाते. ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती उतरताना दिसली. तोंडावरचं कापड काढून कमरेला गुंडाळलेलं. सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “दाबलं. पाय सोडल्यावर दाबलं.”

मला म्हणाली! कुत्रा जवळ नव्हताच. दोघांच्याही ते एकदमच लक्षात आलं. मी खाली बघितलं, ती मुचादुराला हाका मारायला लागली.

मग तो आल्यावर त्याला समजावून सांगितलं. घार कोंबडीच्या पिल्लावर येते तेव्हा आधी नुसती फिरते. तेव्हा दगड मारला तर वाया जातो. ती पाय खाली सोडते, तेव्हा तिला वळता येत नाही. दगड त्या क्षणी सोडायचा. जन्मभर तिनं असे दगड सोडलेत. गरुडानं पाय सोडले आणि तिनं बटण दाबलं.

फोटोत बघ. दोन्ही पाय पुढे, पंजे उघडे, पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेले. अंग वळवताना पाठीवरची पांढरी खूण अशी लखलखीत आलीय. खाली पिल्लू चोच उघडून. नराचं ते तिरकं पीससुद्धा आलंय. मी हा फोटो डोक्यात ठेवून दोन वर्षं बसलो, आणि माझ्या डोक्यातला याच्यापुढे फिका होता.

टपालातून आला तेव्हा उजेडात धरला आणि आधी हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? एक बटण, एकदा! मग तो फोटो घेऊन मी हेडमास्तरांकडे, तिथून दुकानात, तिथून दळणाच्या गिरणीवर गेलो. प्रत्येकाला दाखवून सांगत होतो, “आमच्या सासूबाईंनी काढलाय.” सांगता सांगता हेवा कुठे गेला कळलं नाही, छाती मात्र फुगलेली होती. हेडमास्तर म्हणाले, “कॅमेरा तुमचा, लपण तुमचं, नाव तुमचंच टाका. म्हातारीला कोण विचारतंय?” मी त्यांचा चहा तसाच ठेवून उठलो.

पण पाकिटावर छायाचित्रकाराचं नाव लिहायला बसलो आणि पेन अडलं. मी जावई. सासूचं नाव तोंडानं घेत नाही ते हातानं कसं लिहू? गावात ती रेवाईची आई, कुणाची आजी, कुणाची वहिनी. तिला विचारलं, म्हणजे कुत्र्याला विचारलं, तर म्हणाली, “माझं नाव घेणारे सगळे वर गेले. आता ते लावून काय करायचंय?” पण नको म्हणाली नाही. मी नीट ऐकत होतो, नको म्हणाली नाही.

नावाची जागा मोकळी ठेवलीय. फोटो तू मंडळात नेऊन दे आणि ती जागा तुझ्या हातानं भर.

तुझा,
तावेंग्वा


बुलावायो,
२५ ऑक्टोबर १९९४

अहो हुंग्वे,

घाईत लिहितेय, बस पकडायचीय. घेतला! नुसता घेतला नाही, दारासमोरच्या भिंतीवर लावणार आहेत. टेबलाशी बसलेला टकला माणूसच तुमचा चिठ्ठीवाला निघाला. फोटो बघून उभाच राहिला. म्हणाला, “मास्तरांना माझा नमस्कार सांगा.” म्हटलं, “मास्तरांचा नाही हा. मास्तर खाली झाडाखाली खोकत होते.”

“मग कुणाचा?”

म्हटलं, “नाव प्रदर्शनाच्या दिवशी लिहीन.” खरं सांगू? आईचं नाव मीही कधी तोंडानं घेतलेलं नाही. रोज वहीच्या मागच्या पानावर लिहून बघतेय.

आईला पाठवा. बसमध्ये बसवून द्या, इथे मी उतरवून घेईन.

रेवाई


बुलावायो,
२० नोव्हेंबर १९९४

अहो हुंग्वे,

तुमच्या परीक्षा या आठवड्यात ठेवणाऱ्याचं मी काय करावं? तुम्ही काल इथे असायला हवे होतात. सगळं सांगते, नीट वाचा.

आई चर्चच्या बायकांच्या मंडळाचा लाल ब्लाउज आणि पांढरी टोपी घालून बसमधून उतरली, काखेत मेट्रनसाठी कोंबडी. जिवंत. ती वॉर्डाच्या मागे बांधून आम्ही सभागृहात गेलो. मी कार्डावर नाव आधीच लिहून दिलं होतं. तीन कार्डं वाया घालवली, चौथं बरं आलं.

आई फोटोसमोर उभी राहिली. मला वाटलं काही बोलेल. नुसती म्हणाली, “पाय बघ त्याचे.” आणि मग एकदम, “पिल्लू उडालं ग. गेल्या महिन्यात उडालं. जावई सांगत होते.” जावई सांगत होते! कुत्र्याचा उल्लेख नाही.

मेट्रन आली. मागोमाग माझा अख्खा वॉर्ड. शाळेच्या मुली रांगेनं फोटो बघत येत होत्या. त्यातली एक फोटोखाली थांबली आणि मुली वाचतात तसं मोठ्यानं वाचलं, “छायाचित्र: सेकेसाई चिनेंबिरी.”

आईनं चटकन मागे वळून पाहिलं. कुणीतरी दुरून हाक मारावी तसं. आणि ‘ओ’ दिली.

हुंग्वे, तिचे आईवडील नाहीत, भाऊ राहिले नाहीत. बाबा तिला कायम माझ्याच नावानं, ‘रेवाईची आई’ अशी हाक मारायचे. किती वर्षांनी तिला कुणी नावानं बोलावलं असेल, मला हिशोब करवला नाही. ती मुलगी गोंधळली. विचारलं, “आजी, तुम्ही?” आई ताठ उभी राहिली, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि म्हणाली, “हो. मी.” मेट्रननं टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनीच. बायका आपल्याकडच्यासारख्या जिभेनं ललकारायला लागल्या. मी रडत होते आणि ज्याला त्याला सांगत होते, “माझी आई आहे ती.” जणू तिच्या शेजारी उभं राहून ते कुणाला दिसत नव्हतं!

तो टकला चिठ्ठीवाला वहीपेन घेऊन आला. “या एका फोटोसाठी किती काळ वाट बघितलीत, आजी?”

आई म्हणाली, “माझी पहिली कोंबडी घारीनं नेली तेव्हापासून.”

त्यानं ते तसंच्या तसं लिहून घेतलं. मी खात्री करून घेतली.

तुमची,
रेवाई

ता. क. वोंगाई आत्याही आली होती. फोटोकडे बघितलं, कार्ड वाचलं, आईकडे बघितलं. मग स्वतःच्या डोक्यावरचं कापड नाकापर्यंत ओढून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा.


बिकिता,
२१ मे १९९५

प्रिय रेवाई,

गरुडांनी पुन्हा काड्या आणायला सुरुवात केलीय. त्याच कंगोऱ्यावर, तीच जोडी. मी लपणाचं गवत बदललं, चटई नवी घातली. शुक्रवारी सासूबाईंकडे विचारायला गेलो. टाळ्या वाजवल्या. त्या कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. “मुचादुरा,” म्हणाल्या, “जावयाचा खोकला कसा आहे, विचार.”

मी म्हटलं, “सांग, पूर्ण गेला. आता आत बसायला मी अगदी ठीक आहे.”

त्या दाणे टाकत राहिल्या. मी उकिडवा बसलेलो. कुत्रा एकदा त्यांच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. रेवाई, तो कॅमेरा मी पै पै साठवून घेतलाय, तुला माहीत आहे. पण मला तो दारासमोरच्या भिंतीवरचा फोटो दिसायला लागला, जो मी अजून भिंतीवर पाहिलेलाही नाही. मी जोरात खोकलो. दोनदा.

“बघ,” त्या म्हणाल्या, “अजून आहे.”

काल उजाडताना निघालो. त्या पुढे, लाल ब्लाउज, तोंड उघडं. मी एक वळण सोडून मागे, तिपाई खांद्यावर. गुरं घेऊन निघालेल्या म्हाताऱ्या झ्वानाकानं मला वाटेत हटकलं, “मास्तर, पुढे कोण चाललंय?”

नाव मला घेता येत नाही. म्हटलं, “आमच्या फोटोग्राफर.”

दोघं आत गेलो. कॅमेरा लावून दिला, हळू टाळ्या वाजवल्या. मग एक बाहेर आला आणि मोठ्यानं गाणं म्हणत, सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं गाणं म्हणत, खाली उतरला. तो मी.

तुझा,
तावेंग्वा